नजर जाईल तिथेच चित्र रेखीव: प्लेस्टेशनचा व्हीआर हेडसेट चालतो कसा

या ओळीतला कुठलाही एक शब्द निवडा आणि नजर त्याच्यावरच खिळवून ठेवा. आता डोळे न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचून बघा. तिथे अक्षरं आहेत एवढं कळतं, पण कोणती ते सांगता येत नाही. समोरचं सगळं आपल्याला एकसारखं स्वच्छ दिसतं असं आपण धरून चालतो, पण डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध असलेल्या एका बारीकशा ठिपक्यालाच खरे बारकावे टिपता येतात. हात लांब करून अंगठा समोर धरला तर अंगठ्याच्या रुंदीएवढा भाग, म्हणजे जेमतेम दोन अंश, तेवढाच काय तो रेखीव. बाकीचं दृश्य धूसरच असतं. डोळा सेकंदाला तीनेक वेळा इकडून तिकडे उडी मारतो आणि मेंदू ते तुकडे जोडून सलग चित्र उभं करतो.

सोनीने प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलसाठी २२ फेब्रुवारी २०२३ रोजी बाजारात आणलेला ‘प्लेस्टेशन व्हीआर २’ हा डोळ्यांवर चढवायचा व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे आभासी जगाचा) हेडसेट डोळ्याच्या नेमक्या याच मर्यादेचा फायदा घेतो. भारतात तो अधिकृतपणे यायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. त्यामुळे परदेशात जुना झालेला हा विषय आपल्याकडे अजून तसा नवा आहे. त्याच्याबद्दल बोलताना लोक किंमत विचारतात, रिझोल्यूशन विचारतात, वायर का आहे म्हणून नाक मुरडतात. मला यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वेगळी वाटते. हे यंत्र तुमची नजर कुठे आहे ते सतत बघत असतं आणि तेवढ्याच भागावर मेहनत घेतं. असं का करावं लागतं हे एकदा समजलं, की व्हीआरचं बहुतेक तंत्र आपोआप उलगडत जातं.

टीव्हीएवढेच ठिपके, मग अडचण काय?

हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर २००० गुणिले २०४० ठिपक्यांचा ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो असा) पडदा आहे. दोन्ही मिळून सुमारे ८१ लाख ६० हजार ठिपके होतात. फोरके टीव्हीवर असतात सुमारे ८३ लाख. म्हणजे हिशेब जवळपास सारखाच. प्लेस्टेशन ५ टीव्हीवर फोरके चित्र दाखवतो, तर इथेही त्याला काही जड जाऊ नये, असं वाटणं साहजिक आहे.

जड जातं, कारण टीव्ही आठ-दहा फुटांवर असतो. सोफ्यावरून बघताना तो नजरेच्या तीस-चाळीस अंशांत मावतो. हेडसेटचा पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असतो आणि भिंगातून मोठा होऊन सुमारे ११० अंशांवर पसरतो. तेवढ्याच ठिपक्यांना कितीतरी मोठी जागा झाकावी लागते. गणित केलं तर एका अंशाच्या वाट्याला अठरा-वीस ठिपके येतात, आणि चांगला डोळा एका अंशात साठेक ठिपके वेगळे ओळखू शकतो. म्हणून व्हीआरमध्ये जवळची वस्तू छान दिसते आणि दूरच्या पाटीवरची अक्षरं मात्र किंचित पुसट वाटतात. २०१६ चा पहिला प्लेस्टेशन व्हीआर प्रत्येक डोळ्याला फक्त ९६० गुणिले १०८० ठिपके द्यायचा. त्यातून बघताना जग एखाद्या बारीक जाळीमागे असल्यासारखं दिसायचं. त्या मानाने आताची मजल मोठी आहे.

दुसरी अडचण अधिक कठीण, आणि ती आहे वेळेची. टीव्हीवर एखादं चित्र क्षणभर उशिरा आलं तर फार तर शत्रू आधी गोळी मारेल. हेडसेटमध्ये तुम्ही मान वळवली की जग त्याच क्षणी वळलं पाहिजे. मान हलल्यापासून बदललेलं चित्र डोळ्यांपर्यंत पोहोचायला वीस मिलिसेकंदांहून (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) जास्त वेळ लागू नये, असा या क्षेत्रातला दंडक आहे. हा पडदा सेकंदाला ९० किंवा १२० चित्रं दाखवतो. १२० धरली तर एका चित्रासाठी हाताशी आठ मिलिसेकंद आणि वर थोडे. तेवढ्यात डोकं कुठे आहे ते मोजायचं, खेळातलं सगळं जग त्या जागेवरून कसं दिसेल ते ठरवायचं, तेही दोनदा, कारण दोन डोळ्यांची जागा वेगळी असते आणि त्या फरकातूनच खोली जाणवते.

एवढ्यावर भागत नाही. भिंग चित्राच्या कडा ताणतं आणि रंगही किंचित फाकवतं. म्हणून कन्सोल चित्र आधीच उलट दिशेने फुगवून ठेवतो. भिंगातून जाताना ते सरळ होतं. हे भिंगही नेहमीचं जाड भिंग नाही. गोल गोल खाचांचं हे पातळ भिंग फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दीपगृहांसाठी विकसित केलं. वजन वाचतं, म्हणून ते इथे वापरलं. पण काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्या खाचांमुळे प्रकाशाचे फराटे दिसतात, आणि चित्र भिंगाच्या ऐन मध्यातच सर्वांत स्वच्छ असतं. या हेडसेटची खरी दुबळी बाजू कोणती असं मला विचाराल, तर मी वायरचं नाव घेणार नाही, भिंगाचं घेईन.

मळमळ का होते

घाटातून एसटी जात असताना पुस्तक वाचलं की अनेकांना गाडी लागते. डोळे पानावर स्थिर असतात, ते सांगतात की आपण हलत नाही. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्या प्रत्येक वळण टिपतात आणि सांगतात की आपण चांगलेच हलतोय. दोन साक्षी जुळत नाहीत आणि पोट ढवळतं. व्हीआरमध्ये हेच उलटं होतं. डोळ्यांना धावताना दिसतं, कानाला मात्र माहीत असतं की आपण खुर्चीत बसलो आहोत.

या मळमळीचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. एक चित्र उशिरा आल्यामुळे होते. ती यंत्राची चूक, आणि वेगवान पडदा, अचूक मोजमाप यांनी ती बरीच आटोक्यात आली आहे. दुसरी खेळातल्या हालचालीमुळे होते: कंट्रोलरवरच्या छोट्या काठीने (जॉयस्टिकने) पात्र पुढे चालवलं आणि शरीर मात्र जागेवरच. यावर जगातला कुठलाही हेडसेट पूर्ण इलाज करू शकत नाही. खेळ बनवणारे वाट काढतात. चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी झटकन उडी, गोल वळण्याऐवजी ठरावीक अंशांचे झटके, धावताना चित्राच्या कडा काळोख्या करणं. पहिल्या दिवशी या सोयी सगळ्या सुरू ठेवाव्यात. आणि मळमळ सुरू झाली की लगेच हेडसेट काढावा. दात-ओठ खाऊन खेळत राहिलं की सवय होईल असं काही जण सांगतात. होतं उलटंच, शरीर त्या यंत्राचाच धसका घेतं. सवय होते ती थोडं थोडं, बरं वाटत असताना खेळण्याने.

डोकं कुठे आहे, हात कुठे आहेत

पहिल्या हेडसेटला स्वतःची जागा कळत नव्हती. टीव्हीजवळ एक कॅमेरा ठेवायचा, तो हेडसेटवरचे निळे दिवे बघायचा आणि त्यावरून कन्सोल अंदाज घ्यायचा. शिवाय मध्ये एक वेगळा डबा आणि वायरींचा गुंता. हातात असायची ती प्लेस्टेशन ३ च्या काळातली, २०१० सालची ‘मूव्ह’ कांडी. खेळाडूने पाठ फिरवली की हातातली कांडी शरीराआड जायची आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने गायब व्हायची.

नव्या हेडसेटवर चार कॅमेरे बाहेर बघतात. ते खोलीतल्या खुणा शोधतात: कपाटाचा कोपरा, खिडकीची चौकट, कॅलेंडरची कड. त्या खुणा कशा सरकल्या यावरून डोकं कुठे गेलं ते कळतं. पण कॅमेऱ्याची चित्रं तपासायला वेळ लागतो, म्हणून जोडीला वेग आणि फिरकी मोजणारे संवेदक आहेत, जे सेकंदाला शेकडो वेळा मोजमाप देतात. संवेदक चपळ, पण भरकटणारे: ते थेट जागा मोजत नाहीत, वेगातला बदल मोजतात, आणि त्यावरून जागा काढताना बारीकशी चूक साचत साचत मोठी होते. कॅमेरे संथ, पण खात्रीचे. ते ती चूक वरचेवर दुरुस्त करतात. म्हणूनच अगदी अंधाऱ्या खोलीत किंवा पूर्ण कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर हेडसेट गोंधळतो. दिवा लावून खेळायचं.

हातातल्या गोल कड्यांसारख्या कंट्रोलरांवर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त दिवे आहेत. हेडसेटचे तेच कॅमेरे ते दिवे ओळखतात. बोट बटणावर नुसतं टेकलेलं असलं तरी कळतं, आणि धनुष्याची दोरी ओढताना ट्रिगर जड करता येतो. हेडसेटच्या आतही एक छोटी मोटर आहे, जी कपाळावर थरथर देते. ऐकायला हा खेळणेपणा वाटतो, पण डोक्यावरून काहीतरी प्रचंड गेलं आणि कपाळ थरथरलं की मान आपोआप खाली जाते.

नजरेचा माग

आता मूळ मुद्दा. प्रत्येक डोळ्यासाठी हेडसेटच्या आत एक अवरक्त कॅमेरा आहे. हे तंत्र स्वीडनच्या टोबी या कंपनीचं आहे, जी बरीच वर्षं फक्त नजर टिपण्याचंच काम करते आहे. डोळ्यावर अवरक्त प्रकाश पडतो, बुबुळाच्या चकचकीत पृष्ठभागावर त्याचे बारीक ठिपके उमटतात, आणि बाहुलीचा मध्य त्या ठिपक्यांपासून कुठे सरकला आहे यावरून नजरेची दिशा निघते. पहिल्यांदा हेडसेट घातला की तो तुमच्याकडून थोडं काम करून घेतो. पडद्यावर तुमच्या दोन डोळ्यांची आकृती दिसते. वर डाव्या बाजूला असलेली बारीक चकती फिरवत भिंगं आपल्या दोन बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळवायची. मग एक ठिपका इकडून तिकडे फिरतो, त्याच्यामागे नजर न्यायची. ही पायरी अनेक जण घाईत उरकतात आणि नंतर चित्र अंधूक आहे म्हणून तक्रार करतात. शांतपणे करावी, आणि घरातला दुसरा माणूस खेळायला बसला की त्याच्यासाठी पुन्हा करावी. भिंग आपल्या डोळ्यासमोर नसेल तर ८१ लाख ठिपक्यांचा काही उपयोग नाही.

नजर कळली की कन्सोल काय करतो? तुम्ही बघताय तेवढा भाग पूर्ण बारकाव्याने रंगवतो. त्याच्याभोवतीचा भाग थोडा कमी, कडांचा आणखी कमी. याला फोव्हिएटेड रेंडरिंग म्हणतात. कडेचं चित्र ढोबळ असलं तरी तुमच्या लक्षात येत नाही, कारण तुमच्या डोळ्याच्या कडेला ते बारकावे दिसणारच नव्हते. युनिटी या गेम इंजिनच्या (खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या) कंपनीने २०२२ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, नजर न टिपता फक्त मधला भाग रेखीव ठेवला तर ग्राफिक्सचं काम कमाल अडीच पट वेगाने होतं. नजर टिपून केलं तर कमाल ३.६ पट. हे आकडे सर्वांत अनुकूल परिस्थितीतले आहेत, रोजच्या खेळात एवढा लाभ होईलच असं नाही. पण जिथे एकेका मिलिसेकंदासाठी झगडावं लागतं तिथे याच्या निम्मा फायदाही भरपूर झाला.

इथे शंका येते. डोळा तर क्षणात उडी मारतो. चित्र रेखीव व्हायच्या आत धूसर भाग दिसणार नाही का? आरशासमोर उभं राहून आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या माणसाला मात्र ते अगदी स्वच्छ दिसतील. डोळा उडी मारत असतो तेवढा वेळ मेंदू दृश्य जवळपास बंद ठेवतो आणि डोळा टेकल्यावरही ते पूर्ण स्वच्छ व्हायला किंचित वेळ घेतो. कन्सोलला मिळते ती तेवढीच फट. त्यात नवी जागा रेखीव करून टाकायची. शरीराची एक सवय ओळखून इंजिनियरांनी आपलं काम त्यात बसवलं, याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

नजर कळण्याचे आणखीही उपयोग आहेत. मेनूत नुसतं बघून पर्याय निवडता येतो. ‘स्विचबॅक’ नावाच्या भयखेळात काही पुतळे असे आहेत की तुम्ही पापणी लववली की ते हलतात. डोळे न बघणाऱ्या साध्या टीव्हीवर हा खेळ करताच येणार नाही.

आणि एवढं करूनही सगळ्या खेळांना सेकंदाला १२० चित्रं काढणं जमत नाही. मग कन्सोल ६० खरी चित्रं काढतो आणि प्रत्येक दोन चित्रांच्या मध्ये आधीचंच चित्र तुमच्या मानेच्या ताज्या स्थितीप्रमाणे सरकवून दाखवतो. मान वळवण्यासाठी ही युक्ती उत्तम. पण जवळून वेगाने जाणाऱ्या वस्तूची दुहेरी कड दिसते, कारण ती वस्तू मधल्या चित्रात पुढे सरकलेलीच नसते. ‘ग्रॅन तुरिस्मो ७’ या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळात शेजारून गाडी गेली की हे लक्ष देऊन बघा.

घरी आणायचा असेल तर

उभं राहून फिरत खेळायचं असेल तर दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते, बसून खेळायला साधारण एक मीटर बाय एक पुरते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये टीपॉय सरकवून दोन मीटर निघतातही. लोक विसरतात तो वरचा पंखा. चढायच्या खेळात हात सरळ डोक्यावर जातात. पंख्याच्या अगदी खाली उभं राहू नये. हेडसेटच्या पुढच्या भागाखाली एक बटण आहे, ते दाबलं की बाहेरची खोली काळी-पांढरी दिसते; पाणी प्यायला किंवा कोण आलंय ते बघायला हेडसेट काढावा लागत नाही. कन्सोलला जोडणारी वायर साडेचार मीटरची, एकच.

चष्मा घालून खेळता येतं. पुढचा भाग मागे-पुढे सरकतो, आधी तो पुढे ओढून घ्यायचा, हेडसेट डोक्यावर बसवायचा, मग हळूच जवळ आणायचा, म्हणजे चष्म्याची काच भिंगावर घासत नाही. कोकणात, गोव्यात किंवा पावसाळ्यात कुठेही भिंगांवर वाफ धरते. हवा खेळावी म्हणून झडपा दिलेल्या आहेत, तरी आधी पाचेक मिनिटं हेडसेट खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि पुसायला फक्त कोरडं मऊ कापड घ्यावं. खिडकीत मात्र कधीही ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की ते पडद्यावर एकवटतं आणि कायमचा डाग पडतो. असे खराब झालेले पडदे दुरुस्त होत नाहीत.

बारा वर्षांखालच्या मुलांनी तो वापरू नये असं सोनीने स्पष्ट सांगितलं आहे, आणि ते पाळावं. प्रत्यक्ष आयुष्यात जवळच्या वस्तूकडे बघताना डोळे एकमेकांकडे वळतात आणि आतलं भिंगही त्या अंतराला जुळतं. हेडसेटमध्ये डोळे वळतात, पण प्रकाश कायम एकाच ठरावीक अंतरावरून आल्यासारखा येतो, त्यामुळे या दोन क्रियांची जोडी तुटते. मोठ्यांचेही डोळे यामुळे थकतात. अर्धा-पाऊण तास झाला की थांबावं.

पैशांचा विचार करताना हे ध्यानात ठेवा की हा एकटा चालत नाही, प्लेस्टेशन ५ हवाच. अमेरिकेत तो ५५० डॉलरला आला आणि मार्च २०२५ मध्ये ४०० डॉलरवर उतरला. मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ हा हेडसेट कन्सोलशिवाय आणि वायरशिवाय चालतो, त्याची भिंगंही सरस आहेत. पण नजर टिपणं त्यात नाही आणि काळोख ओएलईडीइतका गडद नाही. ऑगस्ट २०२४ पासून सोनीचा हेडसेट वेगळ्या अडॅप्टरने संगणकालाही जोडता येतो, मात्र तिथे नजर टिपणं, डोक्यावरची थरथर आणि ट्रिगरचा ताण यांतलं काहीच अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे त्याची सगळ्यांत हुशार बाजू कन्सोलपुरतीच राहते.

माझी खंत खेळांबद्दल आहे. पहिल्या हेडसेटचे खेळ यावर थेट चालत नाहीत. ज्यांची नवी आवृत्ती निघाली तेवढेच चालतात. ‘होरायझन कॉल ऑफ द माउंटन’सारखे खास याच्यासाठी बांधलेले मोठे खेळ मोजकेच आले, आणि एवढं चांगलं यंत्र त्यामुळे अनेक घरांत कपाटात पडून राहतं. म्हणून आधी ओळखीच्या कोणाकडे किंवा गेमिंग झोनमध्ये वीस मिनिटं घालून बघा, पोट काय म्हणतं ते पाहा, आणि आपण खेळणार ते खेळ यादीत आहेत का ते तपासा. गाड्यांच्या शर्यतींचा नाद असेल आणि घरी स्टिअरिंग व्हील असेल, तर मी बेधडक घ्या म्हणेन: ‘ग्रॅन तुरिस्मो ७’ जवळपास सगळाच हेडसेटमधून खेळता येतो, फक्त दोघांनी पडदा वाटून खेळायची सोय तेवढी त्यात नाही.